अपुरा पत्ता

परत आले तर लोकमान्य नगरात सगळ्यांचा एकच प्रश्न :
समुद्र कसा होता?
दिसला, म्हटलं. पाहायला वेळ नव्हता.
आम्ही नऊ जण वह्या घेऊन गेलो होतो.

किबे सर, ज्यांनी ही अभ्यास-सहल काढली
आणि जे विमानातही हजेरी घेत.
डॉक्टर झोकरकर आणि त्यांचा गुडघा.
वीज मंडळातले फणसे, दर खांबापाशी थांबणारे.
दोघी पुराणिक बहिणी, इंदूरहून सहा किलो शेव नेलेल्या;
पोर्ट ऑफ स्पेनच्या कस्टमवाल्याने चाखून बघितली,
मग जीरावन कशाचं ते विचारलं.
बाकी तिघांशी माझं फारसं जमलं नाही.
आणि मी. स्टेशनाजवळच्या आर.एम.एस.मध्ये
एकतीस वर्षं पत्रं छाटलेली.

पहिल्या दिवशी तेलाचं पिंप.
त्रिनिदादमध्ये ते ठोकून ठोकून त्यातून सूर काढतात.
फणसे हळूच म्हणाले, आमच्या स्टोअरला अशी चारशे सडली.
दुसऱ्या दिवशी ऊस नसलेली उसाची शेतं,
बंद कारखाना, वजनकाट्यावर बकरी.
तिसऱ्या दिवशी फुलबासी रामकिसूनच्या घरी जेवण.
तिने पोळीत डाळ भरली,
मी ओरडलेच, पुरण!
घास घेतला तर मीठ, जिरं, मिरची.
चार पिढ्या साखर तोडली त्यांनी
आणि पुरणात साखर नाही.
हे मी वहीत लिहिलं नाही.

तेवढ्यात तिची नात दारातून हाक मारत आली : आजी!
आम्ही दोघींनी मागे पाहिलं.

मग ती म्हणाली, तुम्ही कुठल्या?
इंदूरच्या.
आधीच्या?
वाईकडचं कुठलंतरी गाव. फौजेबरोबर आले म्हणे आमचे,
सात पिढ्या झाल्या, की आठ.
गेलात कधी तिथे?
नाही, म्हटलं.
तिने काही न बोलता आणखी एक पोळी वाढली.

चौथ्या दिवशी दप्तरखाना. पंखा, ग्लोव्हज, पेन्सिलच वापरा.
जहाजाच्या नोंदवहीत एका ओळीत एक माणूस :
नंबर, नाव, वय, अंगावरची खूण, गाव.
जानकी. एकोणीस. डाव्या भुवईवर व्रण.
गावाच्या रकान्यात कारकुनाने तीन अक्षरं टाकलेली,
एम, ओ, डब्ल्यू,
जिल्ह्यावर शाई सांडलेली.
तिथला मार्गदर्शक म्हणाला, मऊ. आझमगढकडचं.
सगळे तिकडूनच तर आले.

असेल.
पण मऊची पत्रं महूत आणि महूची मऊला
जाताना मी एकतीस वर्षं पाहिली आहेत.
रात्री दोन वाजता खणातून काढून
पुन्हा बरोबर खणात टाकली आहेत.
किबे सरांनी चष्मा पुसला.
शक्यता फार कमी आहे, बाई.
ठाऊक आहे, सर.
आमच्याकडे शक्यतेला खण नसायचा.
अशा पाकिटावर शिक्का मारायचो : पत्ता अपुरा,
आणि ते एका पोत्यात जायचं,
ते पोतं पुढे कुठे जायचं
ते आम्ही कधी विचारलं नाही.

परवा रविवार सोडून सोमवारी
सरवट्यावरून महूची बस धरली.
घरी सांगितलं, मैत्रिणीकडे.
छावणीतल्या रस्त्याने उगाच हिंडले.
बेकरीतून खारी घेतली.
समोरून येणाऱ्या बायकांच्या
भुवया पाहत होते, हे नंतर लक्षात आलं.

पोस्टात खिडकीवर एक पोरगा.
त्याला विचारलं, नाव आहे, गाव आहे,
बाकी काही नाही. पोचेल का?
किती जुनं आहे, काय आहे, त्याने विचारलं नाही.
माझ्या हातातलं कोरं पोस्टकार्ड बघून म्हणाला,
भेजनेवाले का पता लिख दो मॅडम,
लौट के तो आएगी.

दोरीला बांधलेलं पेन घेतलं.
घर नंबर लिहिला. लोकमान्य नगर लिहिलं.
इंदूर लिहिलं,
आणि पुढे स्वल्पविराम देऊन थांबले.
मागचा माणूस म्हणाला, हो गया क्या?